कॉलरखालचे रक्त

"माझं मलम चोरीला गेलंय," बुरुल म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटले, उठावे आणि सरळ चालते व्हावे.

खिडकीपाशी बसलेला धिप्पाड माणूस खो खो हसला. "मलम? इथे लोक पळालेला नवरा शोधायला येतात, पोरी!"

"तुरात, तू चहाचं बघ," टेबलामागची बाई म्हणाली.

ती सोनुन. वीस वर्षे पोलिसांत तपासाचे काम करून तिने बिश्केकमध्ये, चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचा व्यवसाय थाटला होता. तुरात तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. आयुष्यभर त्याने ट्रॉलीबस चालवली. आता तो वहिनीची जुनी गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"हातमोजे काढ," सोनुन म्हणाली.

बुरुलने मान खाली घालून ते काढले. तळवे लालबुंद होते. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. मनगटाची कातडी खवल्यांसारखी सुटत होती. तुरातचे हसू मावळले.

"कधीपासून?"

तीन महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी विचारले होते ते एवढेच, की हे लागण होणारे आहे का.

"इथे आल्यापासून, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावे तसे ती म्हणाली. "गावी, बातकेनला, लहानपणी थोडंसं असायचं. इथलं पाणी मला सोसलं नाही. खोलीत तापलेले पाइप, बाहेर कोळशाचा धूर. रात्री झोपेत खाजवते आणि सकाळी उशीवर रक्त." तिने तळवे पालथे केले. "आई फोनवर विचारते, कशी आहेस. मी म्हणते, मजेत."

"आणि मलम?"

"आईनेच पाठवलं होतं. मी फक्त शौचालयात, दार लावून लावायचे. कुणाला दिसू नये म्हणून बरणीला पांढरा कागद गुंडाळलेला. सोळा दिवसांपूर्वी, सोमवारी, कारखान्यातल्या माझ्या कप्प्यातून ती नाहीशी झाली."

"एका बरणीसाठी तू माझ्याकडे नाही आलीस."

बुरुलने हातमोजे पुन्हा चढवले. "नाही. मला शनिवारी काढून टाकणार आहेत."

मग तिने सगळे सांगितले. कारखाना शिवणाचा. सध्या काम शाळेच्या पांढऱ्या शर्टांचे. बुरुल बाह्या जोडायची. मलम गेले त्याच आठवड्याच्या गुरुवारी मालकाने एक बांधलेले पाकीट उघडले, तर कॉलरच्या आतल्या बाजूला रक्ताचा ठिपका. मग आणखी सहा शर्ट निघाले. सगळ्यांचे डोळे बुरुलच्या हातांकडे वळले. एकदा का रक्ताळ हातांची पोरगी म्हणून नाव झाले, की शहरातला दुसरा कुठलाही कारखाना तिला दारात उभे करणार नव्हता.

"त्याआधी तुझ्या हातांतून रक्त यायचं?"

"यायचं ना. पण मी बोटांना चिकटपट्टी लावून बसायचे. अडीच महिन्यांत एक डाग पडला नाही. त्यातला एक शर्ट मी नळाच्या गार पाण्यात धुऊन पाहिला. रक्त तर क्षणात निघून गेलं. जरासा तेलकट डाग राहिला, मशीनचा असेल."

सोनुनने चहाचा प्याला खाली ठेवला. "गार पाण्यात? नक्की?"

"नक्की."

"तुरात, गाडी काढ."

गाडीत तुरातने निकाल देऊन टाकला. "मालकच असणार, वहिनी. पोरीला काढायला बहाणा."

"काढायला बहाणा लागतो कशाला? तो मालक आहे."

तुरातने जोरात हॉर्न वाजवला.

कारखाना एका इमारतीच्या तळघरात होता. दिवे पांढरे, खिडक्या नाहीत. तीस मशीनांच्या घरघरीत बुरुलला आत येताना कुणी मान वर करून पाहिले नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर कापडाचा ढीग रचला होता. तिथे बसणारी मागच्याच आठवड्यात दुसऱ्या रांगेत गेली होती.

मालक बाहेर गेला होता. सोनुनने आपण कोण ते सांगितले आणि एक डागाळलेला शर्ट मागून घेतला. ठिपका डाळीएवढा, गडद लाल. त्याच्याभोवती कापड ओलसर दिसावे तसे पारदर्शक कडे. तिने तो हुंगला आणि तुरातच्या नाकापाशी धरला.

"केकचा वास येतोय," तुरात म्हणाला. "की मलाच भूक लागलीय?"

"भूक तुला नेहमीच असते," म्हणत सोनुनने शर्ट घडी करून पिशवीत टाकला. "शिवून झाल्यावर शर्ट कुणाच्या हातून जातो?"

बुरुलने बोटाने दाखवले. आधी इस्त्रीवाला कुबात. त्यानंतर सुपरवायझर गुलबारा शर्ट तपासायची. शेवटी नासिपा घडी घालून, कॉलरमध्ये पुठ्ठा सरकवून पाकीट बंद करायची.

कुबात वाफेच्या ढगात उभा होता. पस्तिशीचा, बनियनवर. सोनुनने मलमाबद्दल विचारून हात दाखवायला सांगितले तेव्हा त्याने दोन्ही तळवे पुढे केले. जुने भाजल्याचे वण, पण कातडी दगडासारखी घट्ट.

"एवढ्या उष्णतेत जीवजंतू जगत नाही, तर खाज कुठून जगणार?" तो म्हणाला. "मलम बिलम मला ठाऊक नाही. पोरगी मात्र कामाची आहे. कुणाशी बोलत नाही एवढंच."

"तुम्ही बोलता का तिच्याशी?"

कुबातने इस्त्री उचलली आणि पुढचा शर्ट ओढला.

नासिपाच्या अंगठ्यावर ताजी पट्टी होती. तुरातने वहिनीला कोपराने ढोसले.

"हे? काल पुठ्ठ्याने कापलं," नासिपा फणकारली. "बघायचंय? बघा!" तिने पट्टी ओरबाडून काढली. खाली एकच सरळ, बारीक काप. बाकी हात मऊ, गोरे. "हो, तिचा टॉवेल वेगळा ठेवा असं मीच म्हटलं होतं. माझ्या घरी लहान लेकरू आहे. पण तिची कसली ती क्रीम घेऊन मी काय करू?"

बुरुल तीन पावलांवर उभी होती. नासिपा तिच्याकडे न पाहता हे सगळे बोलली.

गुलबाराने मात्र त्यांना स्वयंपाकाच्या खोलीत बसवले; बुरुल दाराशीच उभी राहिली. चाळिशी उलटलेली, नीटनेटकी, मनगटाखाली उतरणारे लोकरी स्वेटर. दुपारच्या चहाची वेळ होती, कुबात आणि नासिपाही आले. टेबलावर अख्खा नान होता. नान मोडायचा मान वयाने मोठ्याचा, आणि त्यांच्यात गुलबारा सर्वांत मोठी, तरी तिने तो कुबातपुढे सरकवला. "तू मोड रे." आपला प्याला तिने स्वेटरच्या बाहीत धरून उचलला.

"पोरगी वाईट नाही," ती हळू आवाजात सोनुनला म्हणाली. "पण हे शहर सगळ्यांना मानवत नाही. मी मालकाला म्हटलं, ओरडू नका, गोडीने घरी पाठवा. जर्दाळूच्या बियांचं तेल चोपडून हे कधी बरं होतं का? चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं."

"शर्ट तपासताना तुम्हाला डाग दिसले नाहीत?"

"प्रत्येक कॉलर मी स्वतः उलटून बघते. माझ्याकडे होते तेव्हा स्वच्छ होते."

"म्हणजे माझ्याकडे आल्यावर?" नासिपा उसळली.

"मी तसं म्हटलं नाही."

तुरातने तोंडातला नान गिळला आणि वहिनीच्या कानाशी वाकला. "पुठ्ठेवाली. शंभर टक्के."

सोनुनने नकारार्थी मान हलवली. "दार लावून घे, तुरात. बुरुल, तू इथे माझ्या शेजारी बस."

बुरुल बसली. या खोलीत ती आजवर बसली नव्हती, आपला चहा ती जिन्यात प्यायची.

"मालक यायच्या आत संपवू," सोनुन म्हणाली. "रक्त लागलेलं कापड इस्त्रीखाली गेलं तर काय होतं, कुबात?"

"तपकिरी पडतं. पक्कं होतं. मग बापजन्मात निघत नाही."

"बुरुलने एक शर्ट गार पाण्याने धुतला, डाग क्षणात गेला. माझ्याकडचा डागही लालच आहे. म्हणजे रक्त इस्त्रीनंतर लागलं. बुरुल बाह्या जोडते, इस्त्रीच्या कितीतरी आधी. तिचा हात पुन्हा त्या शर्टाला लागतच नाही."

नासिपाचे तोंड उघडे राहिले. कुबातने प्याल्यात नजर बुडवली. इतके साधे होते, आणि तेरा दिवसांत ते कुणीच बोलले नव्हते. तोही नाही.

"मग इस्त्रीवाला, तपासणारी आणि घडी घालणारी," सोनुन पुढे म्हणाली. "कुबातच्या हाताला चीर नाही. नासिपाला जखम आहे, पण ती कालची. डाग दोन आठवड्यांपूर्वीपासूनचे. शिवाय डागाभोवती तेलाचं कडं आहे. मशीनच्या तेलाला केकचा वास येत नाही. तुरातला भूक लागली नव्हती, त्याचं नाक बरोबर होतं. बुरुल, आईने मलम कशाचं केलं होतं?"

"जर्दाळूच्या कडू बियांचं तेल," बुरुल पुटपुटली. "आणि मेण. बदामाच्या केकसारखा वास येतो त्याला."

"इथे कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही. सांगायला कोण होतं?"

"म्हणजे ज्या हातातून रक्त आलं त्याच हाताला चोरलेलं मलम लागलं होतं. बुरुलकडे तेव्हा मलम नव्हतंच. कुबातने त्याला नुसतं मलम म्हटलं, नासिपाने क्रीम म्हटलं. ते जर्दाळूच्या बियांचं आहे हे एकाच माणसाने सांगितलं. बरणी न उघडता ते कळत नाही." सोनुनचा आवाज खाली आला. "इथल्या माणसांत तुम्ही मोठ्या, गुलबारा. तरी नान मोडला नाहीत. कोमट प्याला बाहीत धरलात."

वरच्या पाइपात पाणी गडगडले. गुलबाराने सावकाश स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या.

तिचे हात बुरुलच्या हातांहून वाईट होते. बोटांच्या बेचक्या सोलवटलेल्या, अंगठ्याच्या टोकाशी उघडी चीर.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मी पण बातकेनकडचीच. इथे आले तेव्हा पाव भाजायच्या एका कारखान्यात लागले. दुसऱ्या महिन्यात हात बघून हाकललं. सगळ्यांसमोर. तेव्हापासून कुणाला दाखवले नाहीत. नवरा होता तोवर त्यालाही नीट दिसू दिले नाहीत."

"पण माझी बरणी का?" बुरुलने विचारले. आपला आवाज एवढा मोठा निघेल असे तिला वाटले नव्हते. "एजे, मागितली असती तर दिली असती!"

"कप्पे पुसताना बरणी पडली. झाकण निघालं आणि वास आला." गुलबाराने डोळे मिटले. "माझी आई हेच करायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली. मी बोटभर घेणार होते. मग ठेववेना. त्या रात्री बावीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोपले. मलमाने अंगठ्याची खपली मऊ पडून सुटली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. कॉलर उलटताना मी अंगठाच आत घालते."

"आणि लक्षात आल्यावर?"

"गप्प बसले."

"माझ्यावर आलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

बुरुलला वाटले होते, खरा माणूस सापडला की आपल्याला हलके वाटेल. पण समोरच्या हातांकडे पाहताना तिला आपली पुढची बावीस वर्षे दिसली.

"काम तू दिलंस," सोनुन तिला म्हणाली. "मालकाला काय सांगायचं ते तू ठरव."

"खरं ते," बुरुल म्हणाली. "मला माझं नाव परत हवंय."

"तुला सांगायला लागणार नाही," गुलबारा उठली. "मी सांगते."

तिने सांगितले. मालक बराच वेळ ओरडला, मग म्हणाला की इतक्या वर्षांत गुलबाराच्या हातून काही बिघडले नव्हते, म्हणून काढत नाही. पण सुपरवायझरचे काम नासिपाकडे गेले. गुलबारा शिलाईच्या रांगेत आली, बुरुलच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, कारण दुसरी खुर्ची नव्हती. बुरुलची माफी कुणी मागितली नाही. नासिपाने फक्त वेगळा टॉवेल खुंटीवरून काढून टाकला.

आठवडाभर दोघी शेजारी बसून एक शब्द बोलल्या नाहीत. बरणीत तळाशी उरलेले मलम गुलबाराने पहिल्याच दिवशी परत केले होते. बुरुलने ते घेऊन कप्प्यात ठेवले होते.

आठव्या दिवशी बुरुल हात धुऊन आली आणि चिरांची आग सोसत तशीच बसली.

"साबण राहतो," गुलबारा मशीनवरून नजर न काढता म्हणाली. "दोनदा पाणी घ्यायचं. चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. पाणी सुकायच्या आत तेल. आणि रात्री त्या तापल्या पाइपावर ओला टॉवेल टाक, हवा जरा मऊ होते."

बुरुलने बाही मशीनखाली सरकवली. टाके पडत राहिले.

"पहिला हिवाळा फार वाईट जातो," गुलबारा म्हणाली. "दुसराही. तिसऱ्यापासून जरा जमतं."

"मग बरं होतं?"

"नाही," गुलबारा म्हणाली. "जमतं."

बुरुलने बाही पुरी केली, दोरा तोडला. मग पहिल्यांदाच तिने खुर्ची थोडी वळवली आणि विचारले, "बातकेनकडचं तुमचं गाव कुठलं, एजे?"