चंद्रभानचा दुसरा आवाज

वर्ध्याच्या बाजारात चंद्रभानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आवाजाच्या बाबतीत त्याला कुणी उल्लू बनवू शकत नव्हतं. आवाज म्हणजे हवा, पडदा आणि तार, बाकी सगळ्या बाता, असं तो गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचा. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की मालकालाच त्यात चार शब्द बोलायला लावायचा आणि लगेच ऐकवायचा. मालक हमखास म्हणायचा, "हा माहा आवाज नाई." सोबतचा माणूस पोट धरून हसायचा, कारण त्याला तो आवाज पहिल्याच शब्दाला ओळखू आलेला असायचा. लग्न नवं असताना त्याने नलूलाही असंच बोलायला लावलं होतं. तिने टेप ऐकली, पदर तोंडाशी धरला आणि विचारलं, "हे कोन बाई व्हय?" त्यावरून त्याने बायकोला पुढे कित्येक महिने पिडलं.

सणासुदीला मात्र हाच चंद्रभान 'धामतरंग ऑर्केस्ट्रा'चा गायक असे. ऑर्केस्ट्रा प्रभाकररावांचा. ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. जिल्ह्यात कुठल्या शाळेच्या छपरावर टिना टाकायच्या असोत की पुराने उघड्यावर आलेल्यांना चार भांडी द्यायची असोत, 'धामतरंग'चा कार्यक्रम ठरलेला. एकच उणीव होती. १९७८ साली आपल्या पोरीला स्टेजवर उभी करील असा बाप वर्ध्यात शोधून सापडत नव्हता. म्हणून दोघांच्या गाण्यातली दोन्ही माणसं चंद्रभानच गायचा. उजवीकडे तोंड केलं की नायक, डावीकडे केलं की नायिका. एवढ्या मोठ्या मिशीखालून कोवळा बायकी आवाज निघाला की पोरं शिट्ट्या मारायची, आणि 'वन्स मोअर' घेतल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

त्या साली सेलूला शिट्ट्या वाजल्या नाहीत.

नायिकेच्या पहिल्याच ओळीला मांडव गप्प झाला. कार्यक्रम संपल्यावर मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी स्टेजमागे आली आणि चंद्रभानच्या गळ्याकडे बघत उभी राहिली.

"बाप्पा, माह्या वच्छीचा आवाज तुले कुठं भेटला?"

तिची वच्छला बाळंतपणात गेली होती. आईचं मन, त्याला काय ऐकू येईल सांगता येत नाही, असं म्हणून चंद्रभानने हात जोडले आणि विषय सोडून दिला.

जामच्या चौफुलीवर तानबाचं चहाचं हॉटेल होतं. बायको गेल्यापासून तो ते एकटाच चालवायचा. तिथल्या कार्यक्रमानंतर तानबाने सगळ्यांना चहा पाजला आणि चंद्रभानच्या बाजूला येऊन बसला. रस्त्यावरून ट्रक जात होते. तानबा त्यांच्याकडेच पाहून बोलला.

"माही कौशल्या 'श'ले 'स' म्हने, भाऊ. जन्मभर चिडवलं म्या तिले. तुम्ही आज तसंच म्हनलं."

गाण्यात 'शाम' असा शब्द होता. चंद्रभानच्या तोंडून 'साम' निघालं होतं, आणि हे त्याला गातानाच कळलं होतं. त्याची जीभ अशी आजवर कधी घसरली नव्हती. चहा त्याने तसाच ठेवला.

पुढच्या गावी त्याने स्टेजखाली टेपरेकॉर्डर लावला. टेपमध्ये त्याचाच आवाज निघाला, नेहमीचा, ओढूनताणून बायकी केलेला. समोर बसलेल्या एका सासूने मात्र तोच आवाज ऐकून मेलेल्या सुनेच्या नावाने हंबरडा फोडला होता. चंद्रभानने टेप पुन्हा ऐकली. हंबरडा टेपमध्ये स्वच्छ होता.

मग बोलावणी वाढली. गावोगावच्या बायका डोक्यावरून पदर घेऊन पुढे बसू लागल्या. नायकाच्या ओळींकडे कुणाचं लक्ष नसे. नायिकेची ओळ आली की समोर कुठेतरी कुणीतरी चमकून मान वर करी, आणि बाकीचे त्या माणसाला बघत बसत. टाळ्या कुणी वाजवत नसे. चंद्रभानला रोजच्या बोलण्यातही आपल्या घशाची भीती वाटू लागली.

"सर, मले हे जमत नाई आता," तो एका तालमीला प्रभाकररावांना म्हणाला. "आजवर एकबी जित्या बाईचा आवाज निंगला नाई. साऱ्या गेलेल्या. एकीलेबी म्या पाह्यलं नाई, आयकलं नाई."

"आठवण गेलेल्यांचीच येते रे," प्रभाकरराव म्हणाले. "जिवंत माणसाला कोण आठवत बसतं? लोकांना समाधान मिळून राहिलं, आपलं काय जाते?"

गणिताच्या माणसाचं उत्तर चोख होतं. पण बोलताना त्यांनी अ‍ॅकॉर्डियनवरची नजर वर केली नाही.

चंद्रभानने गाणं सोडायचं ठरवलं. आडवी आली ती नलू.

त्यांचं घर नालवाडीला. तान्ह्या पोळ्याचा कार्यक्रम तिथेच, घरासमोरच्या मैदानात होता. नलूची आई रुख्माबाई दोन पावसाळ्यांआधी आर्वीला वारली. आजारपणाचा निरोप मिळाल्याबरोबर नलू निघाली होती, पण नाल्याला पूर होता आणि यष्टी अलीकडेच अडकली. ती पोचली तोवर माय बोलायची थांबली होती. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती, असं लोकांनी सांगितलं, आणि तेव्हापासून ते नलूच्या काळजात रुतून बसलं होतं.

"साऱ्या गावाच्या पोरी, माया येऊन राह्यल्या तुमच्या गळ्यात. माही माय काऊन नाई?"

"नलू, हे चांगलं नाई."

"परक्याले देता अन् घरच्याले नाई म्हनता. एकडाव आयकू द्या फक्त. मंग सोडा गानं, मी काई म्हननार नाई."

ती रडली असती तर त्याने तिची समजूत घातली असती. ती रडली नाही. नुसती पोळ्या लाटत राहिली. त्याला ते बघवेना, आणि तो हो म्हणाला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी नंदीबैल सजवून मैदानात घेऊन आली. बक्षिसं वाटून झाली, ऊन उतरलं आणि प्रभाकररावांनी सूर धरला. नलू पहिल्या ओळीत बसली होती. तिने आईचं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या मंदाबाईने तिचा हात हातात घेतला होता. नलूने डोळे मिटले.

चंद्रभान नायकाच्या ओळी गायला. मग डावीकडे वळला.

रुख्माबाईचा आवाज जाडा होता, जरा घोगरा. तो येईल म्हणून त्याने छाती घट्ट केली होती.

आवाज आला. जाडा नव्हता.

आजवर त्याला एकही आवाज ओळखू आला नव्हता. हा आला. हाच आवाज रोज सकाळी त्याला चहाला उठवत होता.

त्याने तोंड मिटलं.

ओळ पूर्ण झाली.

प्रभाकररावांचा अ‍ॅकॉर्डियन मध्येच थांबला. मागे ढोलक तेवढा थोडा वेळ चालू राहिला, मग तोही थांबला.

पहिल्या ओळीतल्या बायकांनी एकेक करून मान वळवली. स्टेजकडे कुणीच पाहत नव्हतं. मंदाबाईने नलूचा हात हळूच सोडला आणि ती थोडी बाजूला सरकून बसली.

नलू डोळे मिटून वाट पाहत होती.

मग तिने डोळे उघडले, उठली आणि स्टेजपाशी आली. तिचा चेहरा हिरमुसला होता. चंद्रभान खाली उतरला. त्याला तिचे दोन्ही हात धरायचे होते, पण धरवेनात.

"माही माय नाई आली," ती म्हणाली. "वाट पाहून राह्यली होती मी."

आपलं तोंड उघडायची त्याला हिंमत नव्हती.

नलूने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अवो, हे कोन बाई व्हय? मले त ओळखू नाई आली."