मेव्हिसची जाळी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. विनी हार्डकॅसल नावाच्या बाईंनी ती बायबलवर हात ठेवून सांगितली. बायबल चर्चचं होतं आणि विनीबाई चर्चमध्ये फक्त चहापुरत्या जात. पण हात त्यांचाच होता, एवढं नक्की.

साल १९४३. फेब्रुवारी. लँकशायरमधलं एक गिरण्यांचं गाव. शनिवारची दुपार.

हो, दुपार. रात्री दिवेबंदी असायची. जिवंत माणसांना वाट सापडत नव्हती, तिथे भुतांचं काय घेऊन बसलात?

विनीबाई एका फिरत्या बॅले कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या. युद्धाने सगळा देश खाकी करून टाकला होता. बायकांना मोजेसुद्धा कुपनावर मिळत. अशा दिवसांत पडदा वर जायचा आणि फेसासारख्या पांढऱ्या झग्यांतल्या मुली समोर यायच्या. कारखान्यातून थेट आलेल्या बायका श्वास रोखून बघत बसायच्या. नाच फारसा कुणाला कळत नसे. झगे कळायचे.

पण त्या झग्यांना थरांवर थर जाळी लागते. आणि जाळी बाजारातून गायब झाली होती.

मग कंपनीचे व्यवस्थापक मिस्टर फॅनशॉ यांना देशप्रेम सुचलं. त्यांनी थिएटरच्या दारावर पाटी लावली. ‘लग्नात डोक्यावर घ्यायची जाळी उसनी द्या. देशाचा धीर वाढवा. जाळी परत मिळेल.’

पहिली आली मेव्हिस ऑग्डन. ती गावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफांसाठी रेशमी पिशव्या शिवायची आणि त्यांत दारू भरायची. देशातलं रेशीम तोफांना लागत होतं. नवरीमुलींनी कापसावर भागवायचं.

“मावशी, ही आईची जाळी. इस्टरला माझं लग्न आहे. तोवर नाचवा हवी तेवढी. पण कापू नका हं.”

“कापली तर हात झडतील माझे,” विनीबाई म्हणाल्या. “दुमडून टाचते. जशीच्या तशी परत घेऊन जा.”

टाचलेला झगा मिस्टर फॅनशॉंनी पाहिला.

“कमरेत फुगतोय. ओल्गा जाडी दिसेल. कापा.”

“साहेब, मी शब्द दिलाय.”

“तुम्ही पगार घ्या, हार्डकॅसलबाई. शब्द द्यायला मी आहे.”

ओल्गा वेरोव्हा ही कंपनीची मुख्य नर्तकी. नाव रशियन, पण जन्म जवळच्याच बर्नलीचा, खरं नाव एथेल विगिन्स.

विनीबाईंनी जाळी कापली. सहा थर केले. कात्री चालवताना त्या मोठमोठ्याने शिव्या देत होत्या. काही साहेबांना, बऱ्याचशा स्वतःला.

पुढच्याच आठवड्यात मेव्हिसच्या कारखान्यातली एक शेड स्फोटात उडाली.

पेपरात एक ओळ आली नाही. शत्रूला कळू नये म्हणून. अर्ध्या गावाच्या काचा फुटल्या होत्या, पण सरकारी हिशेबात काहीच झालं नव्हतं. मेव्हिसची शवपेटी बंदच होती. उचलणारे म्हणाले, फार हलकी होती...

त्यानंतरचा हा शनिवार. दुपारचा खेळ. पहिला अंक चालू. सगळे खाली रंगमंचापाशी. वर कपडेपटात विनीबाई एकट्या.

झालरी बसू नयेत म्हणून हे झगे उलटे टांगतात. वटवाघळांसारखे. मधोमध ओल्गाचा झगा. दुसऱ्या अंकासाठी.

टच्...

विनीबाईंनी मान वर केली. कुणी नाही.

टच्... टच्...

टाका उसवताना दोरा तुटतो, तो आवाज. तो त्यांनी जन्मभर ऐकला होता. पण स्वतःच्या हातून.

बाकीचे झगे स्तब्ध होते.

मधला हलत होता...

त्या जवळ गेल्या. वरचा थर नव्हता. खाली तुटलेल्या दोऱ्यांची छोटीशी रास. आणि झग्याच्या कमरपट्टीवर बोटांचे पिवळे ठसे. दारूकाम करणाऱ्या मुलींचे हात पडतात, तसे पिवळे.

टच्...

तेवढ्यात मिस्टर फॅनशॉ धावत आत आले.

“झगा कुठाय? अहो, पुढच्या रांगेत जनरलच्या बाईसाहेब बसल्यात! आणि हा फाटलाय कसा?”

“फाटला नाही. मेव्हिस आपली जाळी नेतेय.”

“कोण मेव्हिस?”

विनीबाई म्हणतात, भुताने त्यांच्या अंगावर काटा आला नव्हता. या प्रश्नाने आला.

“कोण मेव्हिस? जिची जाळी तुम्ही कापायला लावलीत, ती! जी तुमच्या त्या धीर वाढवायच्या नादात आईची एकुलती एक चांगली वस्तू देऊन बसली, ती! नाव तरी विचारलं होतंत?”

“आवाज खाली! दुहेरी दोरा घ्या आणि शिवा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका.”

साहेबांनी झगा दोन्ही हातांनी ओढला.

पलीकडून कुणीतरी तो ओढून धरला...

पलीकडे भिंत होती.

टच्. टच्. टच्. साहेबांच्या नाकासमोर.

साहेब जिन्यावरून कसे उतरले ते त्यांनाच ठाऊक. टोपी तिथेच राहिली.

विनीबाईंनी छोटी कात्री उचलली.

“सोड गं पोरी, बोटं दुखतील तुझी. उरलेले टाके माझे आहेत. मीच काढते.”

आवाज थांबला.

उरलेले थर त्यांनी एकेक करून उसवले. घडी करून टेबलावर ठेवले. कात्री ठेवायला वळल्या.

परत पाहिलं, तर टेबल रिकामं...

ओल्गा दुसरा अंक नुसती आतली कडक झालर घालून नाचली. बाईसाहेबांना ते फार आधुनिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी विनीबाई मेव्हिसच्या आईकडे गेल्या. मिसेस ऑग्डननी त्यांना आत नेलं. मेव्हिसच्या पलंगावर जाळी पसरली होती. अख्खी. सहाही तुकडे जाड करड्या दोऱ्याने जोडलेले.

“दारूच्या पिशव्यांचा दोरा आहे हा. आणि टाका आमच्या मेव्हिसचा. पहिल्यापासून वाकडाच. सकाळी उठले, तर ही इथे...” मिसेस ऑग्डननी एका जोडावरून बोट फिरवलं. “कापली होतीत ना तुम्ही?”

“हो.”

मिसेस ऑग्डननी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

विनीबाईंची नोकरी गेली नाही. दुसरी बाई मिळत नव्हती. पण त्यानंतर खोलीत एकट्या असताना त्यांनी शिवण कधी हातात धरली नाही. आजही कुठे दोरा तुटला, की त्या आधी स्वतःच्या हातांकडे बघतात.

पुढच्या हंगामात सगळे झगे सैन्याच्या जुन्या मच्छरदाण्यांचे केले. प्रेक्षकांत एकालाही फरक कळला नाही.