दादाचं वजन

दादाने नवी बोट घेतली तेव्हा मी म्हटलं होतं, "नाकापेक्षा मोती जड होतोय हां." तो हसला. दोघांच्या मालकीची जुनी लाकडी होडी त्याने मला देऊन टाकली आणि वर म्हणाला, "सांभाळ तुझं डबडं. पाय ठेवला की माणूस आधी देवाला हाक मारतो."

खोटं नव्हतं ते. होडीत कुणीही उतरलं की ती त्या बाजूला कलते. दादाची बोट फायबरची, पांढरीशुभ्र. काचेची केबिन, मासे दाखवणारा पडदा, गादीची खुर्ची. दोन्ही धक्क्याला शेजारी शेजारी बांधलेल्या असत. मासे दोघांना सारखेच मिळायचे, त्यामुळे मला हेवा होता तो फक्त खुर्चीचा.

मी बोटींची इंजिनंही दुरुस्त करतो. बोट पाण्यात किती बसते याकडे माझी नजर आपोआप जाते. दादाच्या बोटीला पाण्यालगत निळा पट्टा आहे. एका सकाळी वहिनी डबा ठेवायला बोटीत उतरली. वहिनी म्हणजे काडी पैलवान, तरी बोट दबली आणि पट्ट्याची कड भिजली. ती वर आली आणि दादा उतरला. दादा चांगला आडवा गडी. बोट दबली नाही. पट्टा होता तिथेच राहिला.

लाटेमुळे असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर होतं. दादा उतरला, वर आला, पुन्हा उतरला. पट्टा हलला नाही. काहीतरी निमित्त काढून मी उतरलो, तर बोट लगेच दबली.

"बोट बघतोयस की मला?" दादाने विचारलं.

"तू बारीक झालायस का?"

"हे बघ की!" त्याने पोटावर थाप मारली. पोट होतं तेवढंच होतं.

संध्याकाळी बर्फाच्या दुकानापाशी वहिनी भेटली. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "भावजी, हसू नका. हल्ली हे झोपायला कधी येतात ते कळतच नाही. पलंग हलत नाही. डोळे उघडावेत तर शेजारी असतात." पिशवीचे बंद तिने घट्ट धरले होते. "उद्या एकटेच लांबच्या पाण्यात जाणार आहेत. थांबवा ना त्यांना."

मी तरी काय सांगून थांबवणार? पण तो गेला तर परत यायचा नाही, असं मला आतून वाटत होतं.

सकाळी तो निघायच्या बेतात असताना मी होडीतूनच हाक मारली. "दादा, जायच्या आधी जरा इथे येऊन बस."

"कशाला आता?"

"बस म्हणतो ना."

होडी कलली तर मी मूर्ख ठरणार होतो. मला मूर्ख ठरायचं होतं.

तो कुरकुरत उतरला. होडी कलली. तो समोरच्या फळीवर बसला तशी पुढची बाजू खाली गेली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"दादा, नको जाऊस."

"वेडा आहेस," तो म्हणाला आणि उठून धक्क्यावर चढला.

होडीची पुढची बाजू वर आली नाही.

मी वाट पाहिली. ती खालीच राहिली.

दादाने नव्या बोटीचा दोर सोडला. इंजिन सुरू झालं. धक्क्यावर उभी असलेली वहिनी माझ्याकडे बघत होती.

"दादा!" मी ओरडलो.

बोटीवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या समोरची रिकामी फळी करकरली, आणि होडी हळूच माझ्याकडे झुकली.