डॉक्टर चंदनच्या परत गेलेल्या चिठ्ठ्या

त्या सकाळी आदिलाबादवर दाट धुकं उतरलं होतं. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरताना समोरचा निंबसुद्धा दिसत नव्हता... आणि त्या पांढऱ्या धुक्यातून आवाज आला.

"अहो, औषधाची खिडकी कुठं आहे?"

उंच अंग, गळ्यात स्टेथोस्कोप, केसांवर दवाचे बारीक थेंब. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"तिथल्या मॅडम माझ्या चिठ्ठ्या परत पाठवून राह्यल्या. रोज! लय खडूस आहेत म्हणे."

"हो... लय," मी म्हणाले, कुलूप उघडलं आणि खिडकीच्या आत जाऊन बसले.

तो बघतच राहिला. मग हसला — असा हसला, की मीच मान खाली घातली.

डॉक्टर चंदन पंधराच दिवसांपूर्वी आमच्या सरकारी दवाखान्यात आला होता. बेल्लमपल्लीचा, खाण कामगाराचा मुलगा. मधली दोन वर्षं हैदराबादच्या खासगी दवाखान्यात काढलेली, आणि तिथली सवय हातातून जात नव्हती. आमच्याकडे सरकारनं ठरवलेल्या औषधांची यादी असते. तेवढीच औषधं माझ्या खिडकीवर फुकट मिळतात. हा लिहायचा यादीबाहेरचं. मी चिठ्ठीवर 'यादीत नाही' असं लिहून परत धाडायची.

"पण मी लिहितो ते औषध चांगलंच असते ना, मॅडम?"

"चांगलंच असते. पण राहीबाईनं ते घेतलंच नाही."

"कोण राहीबाई?"

"तलमडुगूच्या. माझ्याच गावच्या. तुमी बीपीची गोळी लिहून दिली, ती इथं मिळाली नाही. बाहेरून घ्यायची ऐपत नाही, तर तशाच घरी गेल्या. काल कापूस वेचता वेचता चक्कर येऊन पडल्या. वरच्या वॉर्डात आहेत."

त्याचं हसू विझलं. तो तडक जिना चढून गेला.

दुपारी परत आला. खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणाला, "मला ती यादी शिकवता का?"

"मी? डॉक्टरला?"

"मंग काय झालं? तुमाले येते, मले येत नाही."

मग रोज दुपारी, पेशंट ओसरले की तो यायचा. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जायच्या, उडालेला एखादा पुंजका तरंगत तरंगत आत यायचा आणि त्याच्या खांद्यावर बसायचा. मला तो काढावासा वाटे... मी काढत नसे.

"हे आहे?"

"आहे."

"हे?"

"नाही. त्याच्याऐवजी त्याच्या वरचं लिहा."

"आणि तुमी चहा घेता का नाही, हे कुठं लिहिलं आहे?"

"ते तोंडानं विचारायचं असते, डॉक्टर साहेब."

चहा मी घेतला. त्या दिवशी दुपार फारच लवकर संपली.

पण महिनाअखेरीस कोणत्या डॉक्टरनं यादीबाहेरचं किती लिहिलं, तो अहवाल मलाच करावा लागतो. पहिल्या पंधरवड्यामुळे त्याचंच नाव सगळ्यात वर आलं. अधीक्षक साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. संध्याकाळी तो खिडकीशी आला.

"माझं नाव तुमी दिलं?"

"हो."

"सगळं माहीत असून?"

"काय... काय माहीत असून?"

तो वळला आणि निघून गेला. तीन दिवस खिडकीवर कोणी हसलं नाही. मी गोळ्या मोजताना दोनदा चुकले.

चौथ्या दिवशी राहीबाई खोकत खोकत आल्या. यादीतली पहिली गोळी दिली तर पाय सुजले होते. दुसरीनं हा कोरडा खोकला लागला होता.

"झोप नाही, माय. आता गोळीच सोडून देतो मी."

"नाही, राहीबाई! थांबा इथंच."

यादीबाहेरचं औषध मागवायचा अर्ज मी कपाटातून काढला आणि पहिल्यांदाच त्याच्या खोलीपर्यंत गेले. त्यानं वर पाहिलं.

"तुमी? अन् यादीबाहेरचं?"

"यादी माणसासाठीच आहे ना? कारण लिहा. नीट, वाचता येईल असं. खाली मी सही करते."

त्यानं लिहिलं. मी सही केली. आम्ही दोघं मिळून अधीक्षक साहेबांपुढे उभे राहिलो. ते कुरकुरले, पण अर्ज पुढे पाठवला. नवव्या दिवशी गोळी आली. आठवडाभरात राहीबाईंचा खोकला थांबला.

पुढच्या रविवारी चंदन तलमडुगूला आला — राहीबाईंचं बीपी बघायला. निदान तसं म्हणाला तरी. परतताना मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, उन्हाचा रंग कणसांवर उतरला होता, आणि आम्ही दोघंही मुद्दाम हळू चालत होतो.

"त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," तो म्हणाला. "तुमी खरं तेच लिहिलं. मले माझीच लाज वाटून राह्यली होती."

"मंग तीन दिवस काऊन नाही आले?"

"आलो असतो तर एकच गोष्ट बोललो असतो... अन् तुमी नाही म्हटलं असतं तर?"

"कोणती गोष्ट?"

तो थांबला. "नीलिमा... माझ्यासंग लग्न कराल?"

तेवढ्यात वळणावरून बस आली. थांबली. कंडक्टर दारातून तेलुगूत ओरडला, येता की नाही? चंदननं माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या ती बस," मी म्हणाले. "बाबा घरीच आहेत. त्यांच्याशी बोलून मग जा."