बारा जणांचा एकच चेहरा

लेटी फॅरन कोर्टाच्या पायऱ्या डोळे मिटून उतरत होती. चांगले गच्च मिटून, बरं का… एक हात कठड्यावर आणि दुसऱ्यानं पेन्सिलींची पिशवी छातीशी धरलेली. बाहेर भुरभुर चालू होती. कॉम्बरी गावात ती वर्षातले चारशे दिवस असतेच. पायऱ्या शेवाळलेल्या. आणि खालून, दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले नि दातांत पेस्टीची, म्हणजे तिकडच्या खिम्याच्या करंजीची, पिशवी धरून, नेड हॅसवेल वर येत होता.

व्हायचं तेच झालं.

“अहो!” नेडच्या दातांतून पिशवी सुटली. “डोळे दिलेत ना देवानं—”

“बोलू नका!” लेटी किंचाळली. डोळे अजून मिटलेलेच. “एक शब्द बोलू नका. माझ्या डोळ्यांतून जज सांडेल!”

नेडनं आपल्या शर्टाकडे पाहिलं. “जजचं माहीत नाही… चहा मात्र सांडलाय.”

वेड लागलं नव्हतं हो पोरीला. इंग्लंडात कोर्टाच्या आत बसून चित्र काढायला बंदी आहे. शंभर वर्षांचा जुना कायदा. टीव्हीवर खटल्याची चित्रं दाखवतात ना, ती काढणाऱ्यानं आत नुसतं बघायचं, फार तर दोन शब्द टिपायचे, आणि बाहेर धावत येऊन आठवेल तसं कागदावर उतरवायचं. लेटीला एका टीव्ही वाहिनीनं तीन दिवसांसाठी घेतलं होतं. तीन चित्रं जमली तर नोकरी पक्की. नाही जमली तर परत मामाच्या दुकानात, लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढायला.

“कोपर धरू का?” नेडनं हळूच विचारलं. “बोलत नाहीये मी. नुसतं कोपर.”

तिनं मान हलवली. त्यानं तिला पोर्चमधल्या बाकापर्यंत नेलं, आणि कागद भिजू नये म्हणून स्वतःचा कोट उघडून तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. पाठ भिजली त्याची. लेटीची पेन्सिल सरसर धावत होती. जज आल्डवर्थचं नाक आलं. ते नाक एवढं लांब, की कोर्टात आधी नाक शिरे आणि जज दोन मिनिटांनी. पुकारा करणारी ग्लेनिस तर नाक दिसलं की “सगळे उठा” म्हणायची, तोवर लोकांच्या पायांना मुंग्या यायच्या.

“झालं,” लेटी म्हणाली आणि तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. वर भिजलेले केस होते, हसरे डोळे होते… आणि दोन कान.

“मी नेड. गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार. आत तुमच्या समोरच्याच बाकावर बसतो.” त्यानं पेस्टी मोडून अर्धी पुढं केली. “तुम्ही सकाळपासून जजकडेच टक लावून बसलात. मला वाईट वाटलं.”

“जजसाठी?”

“माझ्यासाठी.”

खटला होता विनिफ्रेड टॅपस्कॉटबाईंचा. वय एक्याऐंशी. त्यांचा नवरा आल्बर्ट शेतापलीकडच्या वृद्धाश्रमात, गुडघ्यांनी जागेवर बसवलेला. रोज दुपारी त्या रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या पुडिंगचा गरम वाडगा रुमालात बांधून पायवाटेनं त्याच्याकडे जायच्या. सात मिनिटांत. मग नव्या जमीनमालकानं वाटेवर कोरीव ओकचं भलंथोरलं फाटक लावलं आणि कुलूप घातलं. रस्त्यानं फिरून जायचं तर तास. बाईंनी चार दिवस तोही चालून पाहिला. पाचव्या दिवशी पाव कापायची सुरी आणली आणि फाटक कापलं. आख्खं! पावाच्या सुरीनं! सकाळी सुरू केलं, संध्याकाळच्या चहापर्यंत उरकलं. आता खटला संपेपर्यंत त्या वाटेवर पाऊल टाकायची बंदी होती. आल्बर्टला सहा महिने गार पुडिंग खावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नेडनं लेटीच्या वहीत डोकावलं.

“हे काय? ‘सरकारी वकील पिल्चर — भिजलेला बगळा’?”

“टिपणं आहेत. दे इकडे!” अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

“‘बातमीदारांचा बाक, डावीकडून दुसरा — कान.’” नेड थांबला. “फक्त कान?”

“पान भरलं.”

“माझं नाकपण बरं आहे.”

“उद्या बघते. वेळ मिळाला तर.”

“मी बसेन ना… इकडं तोंड करून.”

ग्लेनिस दारातून जाता जाता म्हणाली, “ए जोडगोळी, कोर्ट भरतंय. डोळ्यांची भाषा बाहेर ठेवून या, आत फक्त इंग्रजी चालतं.”

त्या दुपारी लेटीला आख्खं कोर्ट काढायचं होतं. जज, बगळा, पिंजऱ्यात विणकाम घेऊन बसलेल्या टॅपस्कॉटबाई, आणि निकाल द्यायला बसलेले ज्युरीचे बारा जण. आता ज्युरीचा आणखी एक नियम. त्यांचे खरे चेहरे काढायचे नाहीत, नाहीतर कोणी जाऊन त्यांना गाठेल, धमकावेल. बहुतेक चित्रकार तिथं नुसते गोल काढतात. पण लेटीला रिकामे गोल बघवेनात. बटाटे मांडल्यासारखे दिसत होते. तिनं विचार केला, मनानंच काढू की चेहरे. आणि पोर्चमध्ये बसून, भुरभुर ऐकत, गुणगुणत तिनं ते भरले.

संध्याकाळी सहाच्या बातम्या संपल्या आणि फोन वाजला. ग्लेनिस होती.

“पोरी, टीव्ही बघितलास?”

“चित्र छान आलं ना?”

“छान? अगं, ज्युरीत बारा जुळे भाऊ बसलेत! सगळ्यांना तेच कान!”

लेटीनं चित्र पिशवीतून बाहेर काढून पाहिलं आणि मटकन खाली बसली. पहिल्या ओळीत सहा नेड. मागच्या ओळीत सहा नेड. एक नेड जांभई देत होता, एकाला तिनं मिशी काढली होती… पण मिशीआडही नेडच.

सकाळी कोर्ट भरलं ते ज्युरीशिवाय. जजनी त्यांना मुद्दाम बाहेर बसवलं होतं. पिल्चर वकील चित्राची प्रत नाचवत उभा होता.

“युअर ऑनर, ज्युरीतल्या सात नंबरच्या गृहस्थांचे केस असेच, कानही असेच! सगळ्या परगण्यानं त्यांना पाहिलं. ही ज्युरी बरखास्त करून खटला नव्यानं चालवावा.”

“नव्यानं म्हणजे कधी?” जजनी विचारलं.

“पुढच्या वसंतात तारीख मिळेल.”

पिंजऱ्यातल्या सुया थांबल्या. टॅपस्कॉटबाई हळूच म्हणाल्या, “आल्बर्ट शहाऐंशीचा आहे हो…”

लेटीनं त्यांच्याकडे पाहिलं. नोकरी गेली तर गेली. पण आपल्या पेन्सिलीपायी त्या दोघांचा आख्खा हिवाळा जायचा?

“मिस फॅरन,” जज म्हणाले, आणि ते नाक सावकाश तिच्याकडे वळलं. “हा सात नंबरचा माणूस आहे का?”

“नाही, युअर ऑनर.”

“मग कोण?”

“मनानं… मनानंच काढलाय.”

“मनातून बाराही वेळा हाच निघाला?”

लेटीनं नजर वळवली. समोरच्या बाकावर नेड खाली मान घालून लिहीत होता. कोर्टातला शब्द न् शब्द टिपायचा, हे त्याचं काम. कान मात्र पिकल्या टोमॅटोसारखे झाले होते.

“अगं पोरी, सांगून टाक की!” पिंजऱ्यातून आवाज आला. “मी तर सगळ्यांसमोर फाटक कापलं!”

“आरोपीनं शांत राहावं,” जज म्हणाले, पण फार जोरात नाही.

लेटीनं श्वास घेतला. “खरे चेहरे काढायचे नाहीत असा नियम आहे, युअर ऑनर. म्हणून मी मनात बघितलं. मनात… एवढा एकच चेहरा होता. तो तिथं बसलाय. डावीकडून दुसरा.”

टक्— नेडच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

“पण बारा वेळा?” जजना काही केल्या उलगडेना.

“जागा बारा होत्या, युअर ऑनर.”

ग्लेनिसनं पदर नव्हता म्हणून काळ्या झग्याची बाही तोंडात कोंबली.

“मिस्टर हॅसवेल, उभे राहा. डावीकडे वळा. आता उजवीकडे.” जजनी चित्र नाकापासून हातभर लांब धरलं. “हं. कान जरा मोठे काढलेत.”

“नाही, युअर ऑनर,” लेटी म्हणाली. “तेवढेच आहेत.”

कोर्ट खदखदलं. छपरावरची कबुतरं उडाली म्हणतात, आणि ती अजून परत आलेली नाहीत. जजनी टोप सावरला. “चित्रात ज्युरीतला एकही माणूस नाही, याची माझी खात्री पटली. मिस्टर पिल्चर, बसा. मिस फॅरन, यापुढं ज्युरी म्हणजे नुसते गोल. खटला पुढं चालेल.”

ज्युरी विचाराला बसली. बाहेरच्या बोळात लेटीनं नेडला गाठलं.

“काही… बोलणार आहेस का?”

नेडनं फार गंभीर चेहरा केला. “ज्युरीच्या गैरहजेरीत कोर्टात जे बोललं जातं, त्याबद्दल निकाल लागेपर्यंत बातमीदाराला अवाक्षर काढता येत नाही. नियम आहे.”

“छापता येत नाही रे! बोलता—”

“मी फार नियमाचा माणूस आहे, लेटी.”

“दुष्ट आहेस.”

दोन तास! तेवढ्यात लेटीनं नखं कुरतडून संपवली आणि पेन्सिलींकडे वळली. मग बोलावणं आलं. सात नंबरचाच गृहस्थ ज्युरीच्या वतीनं निकाल सांगायला उभा राहिला, आणि खरं सांगते, त्याचे कान नेडच्या कानांपेक्षा कितीतरी लहान होते.

“निर्दोष.”

टॅपस्कॉटबाईंनी विणकाम गुंडाळलं. “चला. पुडिंग ओव्हनमध्येच ठेवून आलेय.”

लेटी धावत बाहेर आली. बाकावर बसून तिनं शेवटचं चित्र काढलं… बाईंच्या सुया, बाईंचं हसू, आणि ज्युरीच्या जागी बारा गोल गरगरीत बटाटे. वाहिनीचा निरोप आला होता: कालच्या चित्राबद्दल चारशे पत्रं आली, सोमवारपासून कामावर या.

तिनं मान वर केली. भुरभुर थांबलेली. आणि पायऱ्यांवरून, गच्च डोळे मिटून, एका हातानं कठडा चाचपडत नेड उतरत होता.

“नेड! पडशील!”

“बोलू नकोस,” तो म्हणाला. “एक शब्द बोलू नकोस. माझ्या डोळ्यांतून तू सांडशील.”

आणखी दोन पायऱ्या… तिसरी चुकली. लेटीनं त्याला दोन्ही हातांनी सावरलं. सोडलं मात्र नाही.

“निकाल लागला,” तो तिच्या केसांत पुटपुटला. “आता बोलता येतं मला.”

“मग बोल ना.”

“माझ्याही मनात बारा जागा आहेत, लेटी.”

“आणि?”

“भरल्यात.”

खाली रस्त्यावरून टॅपस्कॉटबाई लगबगीनं निघाल्या होत्या. “अरे पोरांनो, घरून वाडगा घ्यायचाय, मग पायवाटेनं जायचंय. तो धरायला कोणी येतंय का?” त्यांनी वळून पाहिलं, आणि हात झटकला. “राहू दे. जाईन मी माझी. सात मिनिटांचं तर आहे.”