रविवारी मामाचा फोन येतो

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी धड केला असता.

घडली ती माझ्या मोठ्या मावशीच्या बाबतीत. अमावास्येच्या रात्री नाही, स्मशानाच्या वाटेवर नाही... भर दुपारी, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत. रविवारी.

मावशी कपडे अल्टर करते. चेन बदलणे, पँट आखूड करणे, बाही सैल करणे. खिडकीपाशी मशीन आणि शेजारी स्टुलावर वायरचा जुना फोन. गिऱ्हाइकं हसायची, "अहो, हा डबा अजून कशाला ठेवलाय?"

मावशी म्हणायची, "माझा भाऊ राहतो त्यात."

खोटं नव्हतं ते. मामा तुरुंगात होता.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कला, पण डोकं तापट. एकदा कामावरच्या जोडीदाराशी वाजलं. मामाने ढकललं, तो जिन्यावरून पडला आणि पुन्हा उठलाच नाही. मामाने कोर्टात काही नाकारलं नाही. मोठी शिक्षा झाली. नातेवाइकांनी तोंड फिरवलं. पण आईबापाच्या माघारी मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. ती कुठली तोंड फिरवते!

तुरुंगातून एकाच नंबरवर फोन करता यायचा. मामाने तिचा दिला होता. रविवारी दुपारी रिंग वाजली, की मावशी तोंडातल्या टाचण्या काढायची आणि रिसीव्हर उचलायची.

"जेवलास का?"

"जेवलो. तू?"

एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

मामाच्या मागे कायम गोंगाट असायचा. लोखंडी दारांचे आवाज, रांगेतल्या माणसांची कटकट, "आटप रे लवकर" म्हणून कुणाचं तरी ओरडणं. वेळ संपली की वाक्य अर्ध्यात तुटायचं.

मग एका रविवारी...

मागे काहीच आवाज नव्हता.

"आज बरं स्वच्छ ऐकू येतंय रे," मावशी म्हणाली.

"हो. आज कुणी नाही इथे."

त्या दिवशी फोन कापलाही गेला नाही. दोघं पोटभर बोलली. मावशी हरखून गेली. तुरुंगाचा साहेब बदलला असेल, चांगला माणूस आला असेल, असं तिने मनाशी धरलं.

त्यानंतर तसंच चालू राहिलं. फक्त मामा आता स्वतःबद्दल फारसं सांगायचा नाही.

घराबद्दल विचारायचा.

"पलंग कुठे ठेवलायस, ताई?"

"मागच्या खोलीत. भिंतीला लावून."

"दिव्याचं बटण दाराशीच ना?"

"छे, तिथे ओल आली. परवाच इलेक्ट्रिशियनला बोलावून आत घेतलं. कपाटाच्या मागे हात घालावा लागतो."

"आणि दार? आतून लावून घेतेस?"

"मग काय उघडं टाकू?"

तो हसला. तीही हसली. घराच्या ओढीने विचारतोय बिचारा, दुसरं काय.

एकदा ती म्हणाली, "या खेपेला भेटीला येते रे. डोळे भरून बघते तरी."



"येऊ नकोस ताई. बांधकाम चाललंय इथे. भेटी बंद आहेत."

ती बरं म्हणाली. महिने गेले. इतके दिवस कसलं बांधकाम, हा प्रश्न तिला पडला नाही. फोनवरचं ते निवांत बोलणंच इतकं गोड लागत होतं.

एक दिवस कंडक्टरबाई युनिफॉर्म घट्ट करून घ्यायला आली. बसवर कंडक्टर होती, आणि तिचा नवरा मामाच्याच तुरुंगात. पूर्वी दोघी भेटीच्या रांगेत गप्पा मारत उभ्या राहायच्या.

"काय हो, हल्ली दिसत नाही तुम्ही भेटीला?"

"भेटी बंद आहेत ना."

"बंद? काहीतरीच काय! परवाच तर जाऊन आले मी."

मावशीच्या हातातली कात्री हातातच राहिली.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती पहिल्या बसने गेली.

मध्ये जाड काच. दोन्ही बाजूंना एकेक रिसीव्हर. मामा आला तो वाळून काटा झालेला. समोर बसला, पण रिसीव्हर उचलेना. मावशीने काचेवर टकटक केलं, तेव्हा कुठे त्याने कानाला लावला.

"आता कशाला आलीस?"

"कशाला म्हणजे? तूच येऊ नको म्हणालास!"

"मी?" मामाचा आवाज चिरकला. "तू म्हणालीस, संबंध संपला म्हणून! सुटलास तरी माझ्या दाराशी येऊ नकोस म्हणून!"

"कधी म्हणाले मी असं?"

"दर रविवारी म्हणतेस. फोन उचलतेस आणि हेच ऐकवतेस. तरी मी लावतो... निदान तुझा आवाज तरी कानावर पडतो."



"अरे, दर रविवारी आपण किती वेळ बोलतो! तू पलंगाचं विचारतोस, दाराचं विचारतोस..."

"किती वेळ? ताई, इथे बोलायला तोंड उघडेपर्यंत कापतात."

मामा काचेजवळ झुकला.

"कुठला पलंग?"

दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिली. दोघांच्याही कानाला रिसीव्हर.

आणि दोघांनी एकदमच तो खाली ठेवला.

उरलेला सगळा वेळ ती हातवारे करून बोलली. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटलं, बाई मुकी आहे.

त्या खुणांतच ठरलं. त्याने फोन लावायचा नाही आणि तिने उचलायचा नाही. मावशी प्रत्येक भेटीला जाईल. एकमेकांचा शब्द खरा मानायचा, तर समोर ओठ हलताना दिसले पाहिजेत.

रविवार आला.

दुपारी फोन वाजला.

मामा लावणार नव्हता. मग...

मावशी मशीनवर बसली. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, तरी पायाने मशीन हाकत राहिली, रिंग ऐकू येऊ नये म्हणून. अंधार पडेपर्यंत फोन वाजत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

मावशीने ते सोसलं. कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, भावाच्या काळजीने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

अखेर शिक्षा संपली. सुटकेच्या दिवशी मावशी सकाळपासून गेटसमोर उभी होती. छोटं दार उघडलं आणि मामा बाहेर आला. मधे काच नाही, काही नाही. मावशीने त्याला मिठी मारली आणि लोकांची पर्वा न करता हमसून हमसून रडली. बसमध्ये तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. लहानपणी झोपायचा तसाच.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मागच्या खोलीत मिट्ट काळोख. मामा पुढे गेला.

"अरे थांब, बटण दाराशी नाही..."

खट्.

दिवा लागला. मामाचा हात कपाटाच्या मागे होता.

"तुला कसं रे कळलं?"

"तूच सांगितलंस की, ताई."

कधी, ते मावशीने विचारलं नाही. भेटीत सांगितलं असेल. हातवाऱ्यांनी... सांगितलंच असेल.

मग रविवार आला. मामा मागच्या खोलीत दाढी करत होता. दुपारी फोन वाजला. मावशीला वाटलं, आता माझा भाऊ घरात आहे, आता भ्यायचं कशाला? एकदाचं खडसावून टाकू. तिने रिसीव्हर उचलला.

"ताई?"

मामाचा आवाज. रडवेला.

"ताई, मला सोडलं गं. गेटबाहेर उभा आहे मी. तू येणार होतीस ना? कधीपासून वाट बघतोय..."

तिने मान वळवली.

मामा दारात उभा होता. अर्ध्या गालाला फेस. हातात रेझर. एकटक तिच्याकडे बघत.

"ठेव तो, ताई," तो हळूच म्हणाला. "मी आहे ना इथे."

तिने ठेवला.

सोमवारी तिने तुरुंगाच्या ऑफिसात चौकशी केली. कारकून वैतागला. "सुटला की हो तो! तुम्हीच तर घेऊन गेलात, आम्ही सगळ्यांनी बघितलं." मावशी स्वतः गेटपर्यंतही जाऊन आली. तिथे कुणी नव्हतं.

पण कंडक्टरबाईची बस त्या रस्त्यावरून जाते. काही दिवसांनी तीच म्हणाली, "तुमच्या भावासारखाच एक जण रविवारी गेटपाशी दिसतो हो. बस थांबवली तर चढत नाही. आत वाकून बायकांचे चेहरे बघतो फक्त."

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. मामा मावशीकडेच राहतो. पुन्हा लिफ्टच्या कामाला लागलाय. शेजारीपाजारी त्याचं कौतुक करतात. आवाज चढवणं नाही की वाद घालणं नाही. पूर्वीचं ते तापट डोकं कुठे गेलं कोण जाणे.

आणि मावशी दर रविवारी फोन उचलते.

"जेवलास का?" विचारते. पलीकडचं ऐकते. डोळे पुसते. ठेवते.

मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, ती वायर काढून फेकून दे ना!"

तिने आधी मागच्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी आली.

"आणि तोच खरा असला तर?"

 

तिच्याकडे राहायला जायचं मी आता टाळतो. कारण रविवारी फोन वाजतो, तेव्हा मामा तिथेच असतो. मावशी बोलत असते, रडत असते, आणि तो शांतपणे पेपर वाचत असतो.

इतक्या वर्षांत त्याने एकदाही विचारलेलं नाही, की फोन कुणाचा होता.