कॅल्शियम फॉस्फेटचं सूत्र

बारामतीच्या अभ्यासिकेत जयवंता रोज अभ्यासाला बसायची. त्या दिवशी तिच्यासमोर येऊन बसलेलं पोरगं देखणं होतं, पण रसायनशास्त्रात अगदीच ढ. सोडियम फॉस्फेटचं सूत्र त्यानं लिहिलं आणि तिला राहवलं नाही.

"एका सोडियमनं भागत न्हाय. तीन लागत्यात."

"माझं तर एकीवर भागंल..." त्यानं असं काही बघितलं, की तिचे कान तापले.

पणदऱ्याचा ऋषिराज तो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्टची एकच जागा निघालेली, दोघंही त्याच परीक्षेला बसणार. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या वडिलांनी, आप्पांनी, तिला बजावलंच होतं. तरी येडी त्याला शिकवत बसली. त्याला संयुगांची नावं पाठ व्हायची, सूत्र लिहिताना मात्र आकडे उडून जायचे. मग तिनं संयुजा बोटांवर धरायला शिकवलं — कॅल्शियमची दोन, फॉस्फेटची तीन, लिहिताना अदलाबदल. ती त्याची बोटं धरून मोजायची, म्हणून तो मुद्दाम चुकायचा. तिला कळत होतं सगळं, पण हात कोण सोडतंय?

परीक्षेत तो तिच्या पुढच्याच बाकावर. मध्येच वळला, चेहरा पांढराफटक. "कॅल्शियम फॉस्फेट..." नुसते ओठ हलले. तिनं बाकावर आधी तीन बोटं ठेवली, मग दोन. जीव जडला होता, दुसरं काय.

"कुणाला दाखवताय?" पर्यवेक्षक बाकाशी येऊन उभे.

जयवंतानं बोटं मिटली. ऋषिराजनं मान खाली घातली — आणि सूत्र लिहून टाकलं. तिचा पेपर काढून घेतला, तिला बाहेर काढलं. तो लिहीतच राहिला.

जागा त्याला मिळाली. पेढे घेऊन तो तिला एसटी स्टँडवर गाठायला आला.

"रविवारी आई येणार हाय तुमच्याकडं, इंदापूरला. मागणी घालायला."

"नको पाठवूस."

"अगं, बोललो असतो तर दोघंबी गेलो असतो. निदान एकाची नोकरी तरी—"

"व्हय, दोघंबी गेलो असतो," ती म्हणाली. "मला तेच पायजे हुतं, ऋषी. तू माझ्यामागं बाहेर आला असतास, तर त्या नोकरीकडं मी वळूनबी बघितलं नसतं."

इंदापूरची गाडी लागली, ती चढली. अर्ध्या वाटेवरच्या लासुर्ण्यापर्यंत दात आवळून बसली, पुढं मात्र रडू आवरेना. त्याच्यावर अजून जीव होता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.